पिकअपचे इंजिन जीपचे नाही

आज एका लाडक्या आख्यायिकेचा समाचार घ्यावयाचा आहे. धागा लांबणार आहे आणि त्यात थोडा गुणाकारही आहे. ज्यांना फक्त तलवारींचे वजन आणि तटबंदीची उंची यांतच रस आहे, त्यांनी येथूनच रजा घ्यावी. बाकीच्यांनी बसावे.

आख्यायिका अशी : 'आपली बोलेरो पिकअप म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन जीप. अंगरखा बदलला, आतले इंजिन तेच.' हे वाक्य इतिहासप्रेमी पानांवर पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्रीसारखे उगवत असते. त्याखाली दुसरा पक्ष बाह्या सरसावून येतो : 'छे! इंजिन शंभर टक्के स्वदेशी.' मग तिसरा, जरा विद्वान पक्ष : 'डिझेलचे सारे जर्मनांचे, आपण केवळ नक्कल केली.' तिन्ही पक्ष तावातावाने भांडतात. अस्सल पुरावा मात्र एकही पुढे करत नाही.

राजवाड्यांच्या परंपरेत वाढलेल्या आपण मंडळींनी याची लाज बाळगावयास हवी. बखरीतले वाक्य आले की आपण लगेच विचारतो : मूळ कागद कोठे? शिक्का कोणाचा? तारीख जुळते काय? तोच संशय यंत्राच्या बाबतीत एकाएकी मावळतो आणि मोबाइलवर आलेली बखर आपण वेदवाक्य मानतो.

भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यात सानगडी हे गाव आहे. तेथील किल्ल्याचे अवशेष पाहायला हौशी तरुण जातात, पडक्या भिंतींची छायाचित्रे घेतात, तो कोणत्या राजवटीचा यावर रात्रभर वाद घालतात. हे सारे उत्तमच. परंतु त्याच गावात धानाची पोती राईस मिलकडे नेणारी, मंडईच्या दिवसांत दुकानांचे सामान वाहणारी पिकअप उभी असते आणि तिच्या बॉनेटखाली जो दस्तऐवज आहे तो वाचण्याची कोणाला गरज वाटत नाही. वास्तविक तो दगडात कोरलेल्या लेखापेक्षा अधिक स्पष्ट आहे. लेखाची अक्षरे झिजतात. इंजिनाची मापे सहसा खोटे बोलत नाहीत.

कोणती मापे? दोनच. सिलिंडरचा आतील व्यास, ज्याला गॅरेजमध्ये बोअर म्हणतात. आणि पिस्टन वरून खाली जितके अंतर धावतो तो स्ट्रोक. या दोहोंवरून एका सिलिंडरचे घनफळ निघते, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणले की गाडीच्या कागदावर लिहिलेला 'सीसी'चा आकडा मिळतो.

बोलेरो पिकअपच्या मोठ्या डिझेल इंजिनाचा आकडा आहे २५२३. चार सिलिंडर, बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. गुणाकार करून पाहा, जमतो.

आता येथे खऱ्या संशोधकाचे कान टवकारले पाहिजेत. ८८.९? हे कसले माप? १९५६ च्या कायद्याने भारताने दशमान पद्धत स्वीकारली. त्यानंतर कोऱ्या कागदावर इंजिन आखणारा अभियंता ८८ घेईल, ९० घेईल, ८८.९ कशासाठी घेईल? आणि १०१.६ तरी कशासाठी? कोडे एका क्षणात सुटते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. ८८.९ म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि १०१.६ म्हणजे बरोबर चार इंच. हे इंजिन इंचांत विचार करणाऱ्या माणसांनी आखले होते. मिलिमीटर हा नंतर चढवलेला वेष आहे.

'बघा, इंच म्हणजे अमेरिका, अमेरिका म्हणजे जीप!' असे ओरडण्यापूर्वी जीपचीही मापे घ्या. युद्धकाळातील विलीज जीपचे 'गो डेव्हिल' इंजिन : बोअर सव्वातीनही नव्हे, ३ पूर्णांक एक अष्टमांश इंच, स्ट्रोक ४ पूर्णांक तीन अष्टमांश इंच. घनफळ १३४ घनइंच, म्हणजे सुमारे २२०० सीसी. पुढे 'हरिकेन' नावाचे सुधारित इंजिन आले, त्याचीही बोअर आणि स्ट्रोक हीच. दोन्ही पेट्रोलची, दोन्ही ठिणगीवर पेटणारी.

बोअर वाढवता येतो. झिजलेला सिलिंडर कापून मोठा पिस्टन बसवणे हे कोणत्याही तालुक्याच्या गावी चालणारे काम आहे. स्ट्रोकची गोष्ट निराळी. तो क्रँकशाफ्टच्या घडणीत ठरलेला असतो, तो बदलायचा तर क्रँकच नवा घडवावा लागतो. आणि जीपचे पेट्रोल इंजिन हवेला सुमारे साडेसहापट दाबते, तर डिझेलला पंधरापटीच्या वर दाब लागतो, कारण तेथे ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. त्या दाबासाठी ब्लॉक, क्रँक, बेअरिंग, हेड सारे अधिक दणकट लागते. जीपच्या इंजिनाला डिझेल 'करणे' म्हणजे मातीच्या गढीवर दगडी बुरूज चढवणे होय.

जीपचा वारसा आहे, नाही कोण म्हणतो? १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळवणी सुरू केली आणि पुढची कैक वर्षे त्यांच्या गाड्यांच्या चेहऱ्यावर, चौकटीत, आसांत ते घराणे दिसत राहिले. पण घर एका कुळाचे आणि गादीवर दत्तक दुसऱ्या कुळाचा, हे महाराष्ट्राच्या इतिहासात वाढलेल्या वाचकाला मी समजावून सांगावे काय?

मग दत्तक आला कोठून? शेतातून.

इंटरनॅशनल हार्वेस्टर ही शेतीयंत्रे बनवणारी अमेरिकन कंपनी. तिचा एक कारखाना इंग्लंडात डॉनकॅस्टर येथे होता. पन्नाशीच्या दशकात तेथे बी-२५० आणि त्यामागून बी-२७५ हे ट्रॅक्टर तयार झाले. त्यांच्या पोटातील इंजिनाचे नाव बीडी-१४४. चार सिलिंडर, डिझेल, बोअर ३ पूर्णांक तीन अष्टमांश इंच आणि स्ट्रोक बरोबर चार इंच.

१९६३ साली महिंद्रा, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि बी-२७५ मुंबईत बनू लागला. १९७७ साली ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. सत्तरीच्या दशकात पेट्रोल महागले, तेव्हा जीपच्या देहात डिझेल बसवण्याची निकड उत्पन्न झाली. ट्रॅक्टरचे इंजिन घरातच होते. तेच जीपच्या चौकटीत उतरले आणि त्याचे नाव एमडी-२३५०. आता त्या सव्वातीन-साडेतीनच्या मधल्या बोअरचा चार इंचांशी गुणाकार करा : २३४५ सीसी. नावातील २३५० हा त्याचाच गोल केलेला आकडा. ट्रॅक्टरशी असलेले नाते नावातच लिहिलेले आहे, आणि आपण मात्र नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर त्याचे पूर्वज शोधत हिंडतो.

येथवर आलो की स्वदेशीवादी म्हणतो : 'ठीक, मूळ त्यांचे. पण २३५० चे २५२३ आम्ही केले ना?' याही दाव्याला धक्का बसणार आहे. डॉनकॅस्टरनेच साठीच्या दशकाच्या आरंभी बी-४१४ हा पुढचा ट्रॅक्टर काढला. त्याच्या इंजिनाचे नाव बीडी-१५४. बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक चार इंच, घनफळ १५४ घनइंच. सीसीत सांगायचे तर २५२३. म्हणजे आजच्या पिकअपची दोन्ही मापे, आठव्या भागाच्या इंचापर्यंत, डॉनकॅस्टरच्या कारखान्यात आधीच अस्तित्वात होती.

आता नक्कलवादी पक्ष टाळ्या वाजवील. त्यांनी हात जरा आवरावेत, कारण पुढचा भाग त्यांच्यासाठी आहे.

बी-२७५ ची शक्ती सुमारे ३५ अश्वशक्ती होती. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला सुमारे दोन हजार फेऱ्यांवर काम करण्यासाठी आखलेले असते. ते नांगर ओढते, त्याला धावायचे नसते. पिकअपचे इंजिन आपली पूर्ण शक्ती ३२०० फेऱ्यांवर देते आणि ती ६० अश्वशक्तीच्या पलीकडे जाते. फेऱ्या दीडपटीच्या किंचित वर वाढल्या असे वाटते, पण पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांच्यावरील जडत्वाचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे अडीचपट. जी पोकळी आणि जो स्ट्रोक मैदानी नांगरणीसाठी होता, त्यातच हा अडीचपट ताण आणि जवळजवळ दुप्पट शक्ती सामावून घ्यायची, तेही विदर्भाच्या मे महिन्यात, मर्यादेपेक्षा किती तरी अधिक भार लादून, आणि राष्ट्रीय महामार्गावर साकोलीहून नागपूरपर्यंत न थांबता. मापे तीच ठेवून माणूस बदलणे यालाच तर अभियांत्रिकी म्हणतात.

'बोलेरो डीआय'मधील डीआय ही अक्षरे डायरेक्ट इंजेक्शनची, म्हणजे इंधन थेट पिस्टनच्या माथ्यावरील खळग्यात फवारण्याची. मग टर्बो आला : बाहेर जाणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरवायचे आणि त्याच्या जोरावर अधिक हवा आत कोंबायची. मग कॉमन रेल : पूर्वी पंप प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र धक्का देऊन दाब निर्माण करी, आता एका समाईक नळीत प्रचंड दाबाचे डिझेल सदैव सज्ज असते आणि कोणते नोझल केव्हा, किती क्षण उघडायचे हे विजेवर चालणारे नियंत्रण ठरवते. यातील प्रत्येक पायरीला हेड बदलावे लागते, पिस्टनचा माथा बदलावा लागतो, तेल आणि पाणी यांच्या वाटा नव्याने आखाव्या लागतात. हे काम डॉनकॅस्टरने केले नाही. हे काम करणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, कारण 'नक्कल' हा एक शब्द उच्चारला की त्यांना शोधण्याची जबाबदारीच संपते.

परवाना आणि नक्कल यांतला भेदही ध्यानात घ्यावा. परवाना म्हणजे पैसे मोजून केलेला करार. त्यात आराखडे मिळतात, धातूंची प्रमाणे मिळतात, तपासणीच्या रीती मिळतात. ओतकामाची वाळू मिळत नाही आणि ते काम करणारा हात तर मुळीच मिळत नाही. तो येथेच तयार करावा लागतो. 'शंभर टक्के स्वदेशी' म्हणणारा हा करार लपवतो आणि 'नुसती नक्कल' म्हणणारा तो हात लपवतो. दोघेही एकाच कागदाचे दोन अर्धे जाळत असतात.

जीपभक्तांचा एक रास्त आक्षेप राहिला : 'पण एमएम-५४० मध्ये तर प्यूजोचे इंजिन होते!' होते. ऐंशीच्या दशकात महिंद्रांनी प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने एक्सडीपी ४.९० हे इंजिन बनवण्यास घेतले, आणि त्यासाठी इगतपुरीचा कारखाना उभा राहिला. नावच त्याची जन्मपत्रिका आहे : ४ सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. स्ट्रोक ८३, घनफळ २११२ सीसी. पाहा, फ्रेंचांच्या मापात कोठे इंचाची सावलीही नाही. ही शाखा वेगळी. तिला ट्रॅक्टरच्या शाखेत मिसळू नये, आणि दोघींपैकी एकीलाही जीपच्या शाखेत मिसळू नये.

जर्मनांच्या दाव्याचे काय? रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखवले, हे निर्विवाद. त्याचे श्रेय त्याला शंभर वेळा द्यावे. परंतु ते यंत्र एखाद्या खोलीएवढे उंच होते आणि त्यात इंधन फवारण्यासाठी दाबलेली हवा लागे, म्हणजे इंजिनाला जोडून एक अवजड कॉम्प्रेसर. असे लटांबर गाडीवर चढत नाही. रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १९२७ पासून तेल थेट दाबणारा आटोपशीर पंप मोठ्या संख्येने बनवण्यास आरंभ केला, तेव्हा कोठे डिझेलला रस्ता दिसला. इंग्लंडात हॅरी रिकार्डोने हवेला घुसळणारी 'कॉमेट' ज्वलनकोठी सिद्ध केली, तेव्हा लहान आणि वेगवान डिझेल शक्य झाले. कॉमन रेलचे गाडीत बसणारे रूप इटलीत बारी येथे फियाटच्या समूहात आकाराला आले. पुढे बॉशने ते उत्पादनात आणले आणि १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत ते प्रथम विकले गेले. आणि बॉशची नोझले नाशिकला बनतात, ही गोष्ट 'सारे जर्मनांचे' म्हणणाऱ्या नाशिककरांनाही अनेकदा ठाऊक नसते.

जर्मन घराण्याची खरी शाखा पाहायची असेल तर टाटांकडे वळा. १९५४ साली टेल्कोने डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला. टाटांच्या गाजलेल्या ६९७ इंजिनाचे नाव उलगडा : ६ सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. स्ट्रोक १२८, घनफळ ५६७५ सीसी. मर्सिडीजच्या ओएम ३५२ या इंजिनाची मापे? ९७ आणि १२८. येथे नाते मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. १९८६ साली ४०७ हा छोटा ट्रक आला. टोयोटा, माझदा, निस्सान, मित्सुबिशी अशा चार जपानी घराण्यांशी हातमिळवणी केलेले चार प्रतिस्पर्धी तेव्हा मैदानात उतरले होते. ४०७ च्या इंजिनाचे नाव ४९७ : चार सिलिंडर आणि बोअर तोच ९७. स्ट्रोक मात्र १००, घनफळ २९५६. जुन्या घराण्याचा व्यास ठेवला आणि क्रँक नवा घडवला. पुण्याचा कारखाना, तेथील प्रशिक्षणशाळा आणि संशोधन विभाग ज्यांनी उभारला त्या सुमंत मुळगावकरांचे नाव आपल्या पानांवर किती वेळा येते? 'सुमो' या गाडीच्या नावात ते दडले आहे, इतकीच त्यांची आठवण. २००५ च्या एस या चिमुकल्या गाडीचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावे असे : दोन सिलिंडर, ७०२ सीसी. इंडिका मोटारीचे डिझेल इंजिन चार सिलिंडरांचे, १४०५ सीसीचे. अर्धे करा. बरोबर! छोटा हत्ती म्हणजे आतून अर्धी इंडिका.

आणि ज्या वाहनाला आपण मराठीत सरसकट 'टेम्पो' म्हणतो, तो शब्द हाम्बुर्गच्या टेम्पो कंपनीचा. पुण्याच्या बजाज टेम्पोमार्फत तो घराघरांत आला. त्याच कंपनीने पुढे परवान्याने बनवलेले ओएम ६१६ हे २४०० सीसीच्या घरातील इंजिन मूळचे मर्सिडीज २४० डी या मोटारीचे. विदर्भात 'काळीपिवळी' म्हणून जी प्रवासी वाहने माणसे कोंबून धावली, त्यांतल्या ट्रॅक्सच्या प्रवाशांना आपण मर्सिडीजच्या इंजिनावर चाललो आहोत हे कोणी सांगितले नाही. सांगितले असते तर भाडे वाढले असते.

पद्धतीविषयी एक इशारा दिल्याशिवाय पुढे जाणे गैर ठरेल. केवळ सीसी सारखे म्हणून कुळी जुळवू नये. टाटांचे ४८३ इंजिन १९४८ सीसीचे आणि प्यूजोचे एक्सडी ८८ हेही १९४८ सीसीचे. एवढ्यावरून 'एक दुसऱ्याची प्रत' असे लिहिणारे पुष्कळ आहेत. पण नावेच सांगतात की एकाचा बोअर ८३ आणि दुसऱ्याचा ८८. स्ट्रोक अनुक्रमे ९० आणि सुमारे ८०. एक उंच, एक बसके. दोन वेगळ्या गावांतल्या दोन कुटुंबांत माणसे तितकीच निघाली, एवढाच त्याचा अर्थ. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही जुळले, शिवाय दोन कारखान्यांतील कराराची तारीखही जुळली, तरच नाते सांगावे. इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि महिंद्रा यांच्यात तिन्ही जुळते. विलीजशी एकही माप जुळत नाही.

नावावर विसंबणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत. महिंद्राचा '२७५' ट्रॅक्टर आजही विकला जातो आणि सानगडीच्या बांध्यांत चिखलणी करतो. तो आकडा डॉनकॅस्टरच्या बी-२७५ वरूनच आलेला. पण आजच्या २७५ डीआय मालिकेतील २०४८ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरांचे आहे. जुने चार सिलिंडरांचे ते यंत्र त्यात नाही. जेथे नाव टिकले तेथे इंजिन गेले, आणि जेथे इंजिनाची मापे टिकली तेथे नाव गेले. बी-४१४ ची मापे पाहायची असतील तर ट्रॅक्टर सोडून धान भरलेल्या पिकअपकडे जावे लागते.

हे तपासण्यासाठी कोणत्याही दप्तरखान्याची परवानगी लागत नाही. वाहनाच्या नोंदणीपुस्तकात, म्हणजे आरसीत, घनक्षमता आणि सिलिंडरांची संख्या छापलेली असते. मालकाला रीतसर विचारा. बहुतेक जण कौतुकाने दाखवतील आणि वर गाडीची तक्रारही सांगतील. २५२३ आणि ४ दिसले तर डॉनकॅस्टर. २९५६ आणि ४ दिसले तर श्टुटगार्टचा बोअर आणि पुण्याचा स्ट्रोक. ७०२ आणि २ दिसले तर अर्धी इंडिका. याखेरीज निराळा आकडा सापडला तर त्याची बोअर आणि स्ट्रोक विचारून, आणि नंबरप्लेट झाकून, या धाग्याखाली टाका. २२०० सीसीचे, सव्वाचार इंचांहून लांब स्ट्रोकचे डिझेल पिकअप कोणाला आढळले, तर ते छायाचित्र सर्वांत वर लावण्यात येईल.